डबा उजवीकडे

ते भित्रे होते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नसावी. तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "डाव्या बुटाची लेस सुटलीय."

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांत राहायचो. वर्षातून चारदा, दर मोसमाला एकदा, हे काका कॉलनीतल्या आणि आसपासच्या मराठी मंडळींना घेऊन डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात जायचे. दिल्लीहून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर. देवदारांचं जंगल, जंगलातून चढत जाणारी एक वरची वाट, वाटेच्या टोकाला मोकळा माळ, आणि माळाच्या पलीकडे दोन वळणांवर एक तळं. तळं आहे असं आम्ही ऐकून आहोत. आमच्यापैकी एकानेही ते पाहिलेलं नाही. कारण माळावर जेवणं झाली की काका आकाशाकडे बघायचे, मनगट चोळायचे आणि म्हणायचे, "चला, परत."

"काका, आभाळात एक ढग नाही."

"तेच म्हणतोय. इतकं स्वच्छ किती वेळ राहणार?"

ढग असले तर अर्थात परतच.

उद्यानाच्या फाटकावरचा चौकीदार त्यांना 'वापस साहब' म्हणायचा. आमची बस आली की आत ओरडून सांगायचा, "वापस साहब आ गए, चाय चढ़ाओ." काकांना त्याचा राग नव्हता. ते कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि ऑफिसात त्यांना याहून वाईट नावं असणार.

तर माणूस भित्रा. पण भित्री माणसं घरी बसतात. हा माणूस दर मोसमाला भीती सोबत घेऊन डोंगर चढायचा, ते का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नाही. मला दुसरे प्रश्न होते. आमची एक छोटी संघटना आहे. फुटपाथ, बागा, नदीचा काठ, जंगल, जे सगळ्यांचं आहे ते हळूच कोणा एकाचं व्हायला लागलं की आम्ही पत्रक काढतो. पत्रकं मी लिहिते. तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं की सरकारी उद्यानात जायला एखाद्या घाबरट काकांची गरजच का पडावी? बाईमाणसाला, म्हाताऱ्याला, पगारावर जगणाऱ्याला तिथे सरळ जाता का येऊ नये? हे मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "यावं की. यायलाच पाहिजे. पण आधी बायकांनी जाऊन यावं, पुढे आडोसा नाही."

हा त्यांचा रोजचा विषय. चढणीला लागण्याआधी ते रस्त्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून, मोठी काळी छत्री उघडून उभे राहायचे. छत्री हा आमचा पडदा. बाराही महिने छत्री. दिल्ली कँटोन्मेंटमधून येणाऱ्या सुभेदारीणबाई, मूळच्या साताऱ्याकडच्या, एकदा छत्रीमागून मोठ्यांदा म्हणाल्या होत्या, "काका, आमच्या ह्यांनी पलटणीत एवढा पहारा नाही दिला ओ कधी." काकांची मान लाल झाली, पण छत्री हलली नाही.

त्यांचे नियम फार नव्हते, पण एकेक नियम डोक्याला ताप होता.

सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. फरीदाबादच्या कारखान्यातले एक इंजिनिअर आमच्यात असायचे, वजनदार, धापा टाकत चालणारे. आम्ही त्यांना फरीदाबादवालेच म्हणायचो. कायम तेच पुढे, आणि त्यांच्या मागे आम्ही तरणीताठी मंडळी वरातीसारखी. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, यार, ह्यांच्यामुळे आपण कधीच कुठे पोचत नाही." काकांच्या आधी फरीदाबादवालेच वळून म्हणाले, "बेटा, आयुष्यात हा एकच रस्ता आहे जिथे मी पहिला येतो. चालू दे."

दुसरा नियम, हरवलात तर बसा. "तुम्ही चालता, शोधणाराही चालतो, मग गाठ पडायची कशी? एकाने तरी बसलं पाहिजे."

आणि तिसरा डब्याचा.

सकाळी विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात आपापले डबे भरायचे आणि अंगणात गोल करून उभं राहायचं. काका म्हणायचे, "डबा उजवीकडे." प्रत्येकाने आपला डबा उजव्या हाताच्या माणसाला द्यायचा आणि डावीकडून आलेला आपल्या पिशवीत ठेवायचा. मग दिवसभर तुमचं जेवण दुसऱ्याच्या पाठीवर. माळावर पोचलं की पुन्हा तसाच गोल, "डबा डावीकडे", आणि ज्याचं त्याला मिळालं की बसायचं जेवायला. कोणी मागे राहिलं असेल तर त्याच्या एका बाजूचा माणूस उपाशी राहतो आणि दुसऱ्या बाजूच्याच्या हातात परका डबा उरतो. दोघंही बोंबलतात.

"साधी डोकी का नाही मोजत?" मी विचारलं होतं.

"मोजणारा स्वतःला विसरतो. नाहीतर एखाद्याला दोनदा धरतो. भूक चुकत नाही."

या नियमाला कोणाची सूट नव्हती. नव्याने आलेल्या एका साहेबांनी, मोठ्या हुद्द्यावरच्या, "मी माझं माझ्याकडेच ठेवतो" म्हटलं, तर काकांनी त्यांना दिवसभर विश्रामगृहाच्या अंगणात बसवलं होतं. साहेबांनी सोमवारी काय केलं माहीत नाही. काकांचं प्रमोशन त्या वर्षी झालं नाही एवढं खरं.

त्यांचा स्वतःचा डबा नेहमी हलका असायचा. दोन पोळ्या, गूळ, कधी उकडलेला बटाटा. ते एकटेच राहायचे. लग्न का केलं नाही याचा शोध कॉलनीतल्या बायकांनी बराच घेतला आणि शेवटी नाद सोडला.

वसंतात बुरांस फुलायचा. काळपट हिरव्या झाडांवर लालभडक फुलं, खाली लाल सडा. बाकीचे वर बघायचे. काका खाली बघायचे, पाकळ्यांवरून कोण घसरतंय म्हणून. गावातल्या बायका बुरांसाचं सरबत विकायच्या. ते प्यायला त्यांची ना नव्हती, पण झाडावरचं फूल तोंडात घालू द्यायचे नाहीत. "पाहायचं. चाखायचं नाही." पक्षी दाखवायला एकदा दुर्बीणवाले कोणी आले होते, ते हळूच कुजबुजले, "वर, उजवीकडे, निळा." सगळ्यांच्या माना वर, आणि काकांचा आवाज, "पाय कुठे आहेत तुमचे, ते बघा आधी." निळा उडाला.

मे-जूनमध्ये ते जायचे नाहीत. तेव्हा तिथे सगळी दिल्ली येते, गाड्या, गाणी, चिप्सच्या पिशव्या. माझं पहिलं पत्रक त्या पिशव्यांवर होतं. काकांनी ते वाचून घडी घातली. म्हणाले, "चांगलं लिहिलंस. कागद जरा जाड घ्यायचा, गर्दीतून हातात राहत नाही."

पावसाळ्यात जळवा. काका मिठाच्या पुरचुंड्या करून प्रत्येकाला द्यायचे आणि थांबाथांबाला मोजे तपासायचे. जळू निघाली की समाधानाने म्हणायचे, "ही दिसली तरी." पावसाळ्यातलं त्यांचं मोठं कांड म्हणजे ओढा. माळाच्या अलीकडे एक ओढा लागतो, त्याला घोट्याएवढं पाणी होतं. गावातल्या शेळ्या ओलांडत होत्या. काका काठावर उभे राहिले, एक काठी पाण्यात रोवली, तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "परत."

"शेळ्या जाताहेत, काका."

"शेळ्या माझ्याबरोबर आलेल्या नाहीत."

इथे तुम्हाला वाटेल की नंतर मोठा लोंढा आला आणि काका खरे ठरले. तसं काही झालं नाही. आम्ही अलीकडच्या टेकाडावरून संध्याकाळपर्यंत बघत होतो. पाणी घोट्याएवढंच राहिलं. काकांनी आम्हाला खूप वेळा परत फिरवलं आणि त्यातल्या एकाही वेळी त्यांचं बरोबर होतं असं सिद्ध झालं नाही. मी त्यांना भित्रे म्हटलं ते त्याच दिवशी, त्या टेकाडावर. लेस तिथलीच.

दसऱ्यानंतरचे दिवस सगळ्यात सुंदर. धूळ नाही, धुकं नाही, दूरवरची बर्फाची रांग हात लांब केला तर लागेल अशी. त्या दिवसांत काका सगळ्यात बेचैन. जेवायचे नाहीत धड. सुभेदारीणबाई म्हणायच्या, "आवो, आज तर कायच भ्यायासारखं नाही." काका म्हणायचे, "तेच तर. कुठून येणार ते कळत नाही."

आणि मग हिवाळा. बर्फ. त्याच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबलं.

त्या हिवाळ्यातल्या सहलीला माझी आई होती. आई नेहमी यायची, बाबा कधीच नाही, त्यांचे गुडघे. आमच्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आईने पहाटे उठून विश्रामगृहात साबुदाण्याची खिचडी केली. अंगणात गोल झाला. आईच्या उजवीकडे सुभेदारीणबाई, आणि त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की घरून सुकं मटण आणलंय, ते ह्याच पिशवीत आहे, दुपारी कोणी लाजू नका.

आईने डबा पुढे केला नाही. "काका, आज माझा माझ्याकडे राहू दे. उपासाचं आहे, त्या पिशवीत नको."

"मग डावीकडे द्या, वहिनी."

डावीकडे फरीदाबादवाले. त्यांच्या पिशवीत ऑम्लेट. ते ओशाळून हसले.

काका बघत राहिले. आई कुणाशी वाद घालत नाही. ती फक्त डबा छातीशी धरून उभी होती. मोठ्या साहेबांना अंगणात बसवणाऱ्या माणसाने मनगट चोळलं आणि म्हणाले, "बरं. आजच्या दिवस." आई एक पाऊल मागे सरली. तिच्या जागेवर गोल जुळला आणि डबे उजवीकडे गेले.

वाट पांढरी होती पण मळलेली, पाय घोट्यापर्यंत जात होते. आम्ही माळावर पोचलो तोवर ढग खाली उतरायला लागला होता. तिथे मऊ बर्फाचा उतार आहे, गावातली मुलं पाटांवरून घसरतात. आमच्यातले काही जण पॉलिथिनच्या गोण्या घेऊन घसरायला लागले. फरीदाबादवालेसुद्धा घसरले आणि खाली पोचून बराच वेळ नुसते हसत पडून राहिले. मग काकांनी हाक दिली. गोल. डबा डावीकडे. प्रत्येकाला आपापला डबा मिळाला. कोणी बोंबललं नाही. मटण फिरलं. मी दोनदा घेतलं. जेवण जवळजवळ संपलं होतं तेव्हा सुभेदारीणबाई म्हणाल्या, "वैनींना जरा बटाट्याचा कीस देते माझ्याकडचा, उपासाचा चालतो की. कुठं हायत?"

माझ्या तोंडात घास होता.

आईला कोणाचा डबा द्यायचा नव्हता आणि कोणाकडून घ्यायचा नव्हता. म्हणून ती नसल्याचं कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. मला वाटलं ती मागे बायकांत असेल, बायकांना वाटलं ती माझ्याबरोबर असेल.

ढग आता माळावर बसला होता. पलीकडचं झाड दिसत नव्हतं. दोनतीन जण वाटेकडे धावायला लागले आणि मी त्यांच्या पुढे. तेव्हा काकांचा आवाज आला, तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. "एकानेही पळायचं नाही. हलाल तर हातपाय मोडीन."

त्यांनी फरीदाबादवाल्यांना वाटेच्या तोंडाशी उभं केलं, छत्री उघडून त्यांच्या हातात दिली. "इथून हलायचं नाही. छत्री खाली करायची नाही." त्या पांढऱ्यात ती काळी छत्री तेवढी दिसत होती, आणि इतकी वर्षं ती बर्फातही का असते हे मला तेव्हा कळलं. मग छत्री दिसेल इतक्या अंतरावर पुढचा माणूस, त्याला दिसेल इतक्या अंतरावर त्याच्यापुढचा. एकेक माणूस वाटेवर पेरत काका खाली निघाले. टोकाला ते स्वतः. मला त्यांनी मध्ये उभं केलं. "मी येते तुमच्याबरोबर, ती माझी आई आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच नाही," ते म्हणाले आणि ढगात गेले.

उभं राहणं हे इतकं कठीण काम असतं हे मला माहीत नव्हतं. मी मोर्च्यांत उभी राहिलेली बाई. खाली कुठेतरी काका हाक मारत होते, ती ऐकू येत नव्हती. फक्त मधल्या माणसांचे आवाज यायचे. माझ्या वरून विचारणा यायची, "सापडल्या का?" ती मी खाली द्यायची. खालून उत्तर यायचं, "नाही." ते मी वर द्यायचं. माझ्या आईबद्दलचा तो शब्द माझ्याच तोंडून मोठ्यांदा वर जायचा, पुन्हा पुन्हा. "नाही." माझ्या खाली सुभेदारीणबाई होत्या. दरवेळी तो शब्द माझ्याकडे टाकताना त्या आधी "बाळा" म्हणायच्या. "बाळा, नाही."

मग वरून आणखी एक जण ओळीत यायचा आणि ओळ खाली सरकायची. छत्रीपासून मी किती लांब आले होते कोण जाणे. बोटं बधिर. मला ओढ्यातल्या त्या काठीची आठवण येत होती, पाण्यात रोवलेल्या, उगाच.

आणि मग सुभेदारीणबाईंचा आवाज. "बसल्यात."

मला कळलंच नाही. "काय?"

"बाळा, बसल्यात म्हणत्यात काका. वर सांग."

मी वर वळले आणि ओरडले, "बसल्यात." वरचा माणूस ओरडला, त्याच्या वरचा ओरडला, आणि शेवटी लांबून फरीदाबादवाल्यांचा जाडा आवाज आला, "बसल्यात," कोणाला सांगायचं राहिलेलं नसताना.

आई ओढ्याकडे उतरणाऱ्या फाट्यावर गेली होती. बुटात बर्फ गेला म्हणून थांबली, वर बघते तर पुढचं कोणी दिसेना, वाट दोन ठिकाणी फुटलेली, ती चुकीची धरली. चार पावलांत तिला कळलं, आणि ती देवदाराच्या बुंध्याशी बसली. मी तिथे पोचले तेव्हा काका तिच्यासमोर उकिडवे बसले होते. मग काकांनी विचारलं, "तुम्ही खाल्लंत?"

"अर्धं," आई म्हणाली. "अर्धं ठेवलंय. म्हटलं, शोधायला येईल त्याला भूक लागली असेल."

काकांनी तिथे बसून ती गार खिचडी खाल्ली. मटण खाल्लेल्या तोंडाने. आईने डबा तसाच पिशवीत ठेवला. नंतर फरीदाबादवाल्यांनी छत्री परत दिली तेव्हा काकांना ती मिटता येईना. सुभेदारीणबाईंनी ती घेतली, मिटली आणि आपल्याच काखेत धरून ठेवली.

आम्ही उजेड असतानाच विश्रामगृहात पोचलो. आईने चहा केला. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

आता प्रश्न साधा आहे. याला अपघात म्हणायचं का?

मी म्हणत नव्हते. कारण त्यानंतर काही काळाने उद्यानाचा नवा विचार बाहेर आला. बर्फाच्या मोसमात वरच्या वाटेवर फक्त जवळच्या मोठ्या हॉटेलांच्या पाहुण्यांना सोडायचं, त्यांच्या गाइडबरोबर. आमच्यासारख्या गटांना बंदी. कारण काय, तर सुरक्षितता. माझं डोकं फिरलं. बर्फ काय हॉटेलवाल्यांनी पाडला? आम्ही पत्रक काढलं, 'बर्फ सगळ्यांचा'. त्यात मी काकांच्या गटाबद्दल लिहिलं, नाव न घालता. इतक्या वर्षांत एकही अपघात नाही. या वेळी कागद जाड घेतला होता.

दिल्लीतून जाणाऱ्या गटांचं म्हणणं ऐकायला उद्यानाचे अधिकारी दिल्लीत आले. एका सरकारी सभागृहात बैठक. मी काकांना बोलायला तयार केलं. तयार म्हणजे, मी बोलत होते आणि ते पत्रक वाचत होते. 'एकही अपघात नाही' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कसं लिहिलंस?"

"खरं आहे म्हणून."

"वहिनी?"

"आई सापडली, काका. चहाच्या वेळेला विश्रामगृहात होती. त्याला अपघात नाही म्हणत."

"सापडल्या म्हणून नाही?"

"बिल्कुल. सापडली म्हणून."

त्यांनी पत्रकाची घडी घातली. मी समजले, पटलं.

बैठकीत आई माझ्याशेजारी बसली होती. हॉटेलवाले पुढच्या रांगेत. काका उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हिंदीत म्हणाले, "साहब, इनके परचे में एक बात ग़लत है. मुझसे एक महिला खो गई थीं. बर्फ़ में."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या.

अधिकाऱ्याने विचारलं, "मिल गईं?"

"जी."

"तो फिर?"

"तो फिर क्या. वो मिलीं, क्योंकि वो बैठी रहीं. उसमें मेरा कुछ नहीं. मैंने एक दिन अपना क़ायदा छोड़ा था." मग त्यांनी हॉटेलवाल्यांकडे बोट केलं. "इनसे भी खोएँगे. इनसे पूछिए, इनके यहाँ खाना किसके पास रहता है."

लोक हसले. हॉटेलवाल्यांपैकी एक म्हणाला, "सर, हमारे यहाँ बुफ़े रहता है." आणखी हसले. पण अधिकारी हसला नाही. त्याने काकांना तिथेच सगळं विचारलं, गोल कसा, डबा कसा, महिला कशा राहून गेल्या. काकांनी सगळं सांगितलं, मटणासकट.

निर्णय काय झाला? बर्फ असेपर्यंत वरची वाट बंद. सगळ्यांना. हॉटेलांनाही. मला ती सगळ्यांसाठी उघडी हवी होती, काकांनी ती सगळ्यांसाठी बंद करून दिली. हॉटेलवाले चिडले, आमची संघटना चिडली. कोणीतरी काकांना सरळ गद्दार म्हणालं. मी म्हणाले नाही, पण अडवलंही नाही. मी आजही सांगते, निर्णय चूक होता. वाटेवर माणसं नेमायची सोडून वाट बंद करणं हा आळस आहे, आणि यावर माझं पत्रक पुन्हा येईल. पण त्या दिवशी सभागृहाच्या पायऱ्यांवर मी त्यांना एवढंच म्हटलं, "तुम्ही आमचं वाटोळं केलंत."

ते काही बोलणार तेवढ्यात आई पुढे झाली. तिला मी कधी इतकी रागावलेली पाहिली नव्हती. "चारचौघांत हरवल्या हरवल्या काय म्हणता? मी हरवले नव्हते. मी बसले होते."

काका म्हणाले, "हो वहिनी."

नंतरच्या सहली हळूहळू बंद पडल्या. फरीदाबादवाल्यांची बदली झाली, सुभेदारसाहेबांची पलटण हलली. काका रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. फरीदाबादला एका सोसायटीत त्यांनी छोटा फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढलं त्या सकाळी आईने त्यांना प्रवासाला म्हणून डबा दिला. प्रवास काय, मेट्रोने जाऊन येतात लोक. काकांनी तो घेतला, टेम्पोच्या पुढच्या सीटवरून आपला पोळी-गुळाचा डबा उचलला आणि आईच्या हातात दिला. आईने निमूट घेतला.

घरी आल्यावर तो ओट्यावर ठेवून आई त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तिकडे त्यांचा डबा आता त्यांच्याच जवळ असणार. रोज."

मला अर्थ कळायला वेळ लागला नाही. मी त्या ढगात उभी राहिलेली आहे. ज्याचा डबा त्याच्याच जवळ असतो तो जेवणाच्या गोलात आला नाही तरी कोणी बोंबलत नाही. या शहराभोवतीच्या उंच उंच सोसायट्यांत अशी किती माणसं असतील, आपापला डबा आपल्याजवळ ठेवून बसलेली, हा प्रश्न पत्रकाचा आहे. पण पत्रक लिहायला बसले की माझ्यासमोर एकच दार येतं.

म्हणून दर रविवारी मी जाते. आमचा भरलेला डबा तिकडे, मागच्या खेपेचा इकडे. तो रिकामा कधीच नसतो, गुळाचा खडा तरी असतोच. आम्ही भांडतो, बहुतेक वाटेवरूनच. ते अजून म्हणतात बंद बरी, मी अजून म्हणते उघडी.

परवाच्या रविवारी मेट्रो मध्येच थांबून राहिली. फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. ते फोन आतल्या खोलीत ठेवतात हे मला ठाऊक आहे. तरी स्टेशनपासून मी पळत गेले, पळायचं नाही हे ठाऊक असून. लिफ्ट वर अडकलेली. जिने चढताना डब्यातलं वरण सांडून पिशवी गरम झाली. दाराशी पोचून बेल दाबली. आत काही हललं नाही. पुन्हा दाबली. मला एकदम सुभेदारीणबाईंचा आवाज आठवला, ते आधीचं 'बाळा', आणि पुढचा शब्द ऐकू येऊ नये म्हणून मी बेलवरचं बोट काढलंच नाही.

दार उघडलं. काका पूर्ण कपड्यांत होते. स्वेटर, मफलर, पायात ते जुने बूट, लेस घट्ट बांधलेल्या. एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हातात मागच्या रविवारचा आमचा डबा.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"तुला शोधायला," ते म्हणाले. "किती उशीर."

मग त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं, त्यांच्या हातातला डबा घेतला, माझा त्यांच्या हातात दिला आणि लेस बांधायला वाकले.